येताना काय आणलंस?

एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायची सवय समुपदेशनाच्या कामात होतेच. तरी गेल्या तीन-चार वर्षांत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत एक तक्रार इतक्यांदा आली आहे, की पालक खुर्चीत टेकायच्या आत मला तिचा अंदाज येतो. मुलगा किंवा मुलगी जादूचे, दुसऱ्या जगातले, चेटकिणी आणि राक्षसांचे सिनेमे बघते. तिथवर कुणाचं काही म्हणणं नसतं. पण सिनेमा संपला की पोर दोन-दोन दिवस सुन्न. जेवताना लक्ष नाही, विचारलं तर डोळ्यांत पाणी. "खऱ्या आयुष्यात काय दुःखं कमी आहेत का मॅडम, म्हणून खोट्यावर रडायचं?" एका वडिलांचा हा प्रश्न. एक महाविद्यालयीन मुलगा स्वतःच आला होता. थिएटरमधून खोलीवर परतल्यावर आपलं सगळं आयुष्यच फिकं वाटलं, म्हणाला.

गंमत म्हणजे हे शेवट धड दुःखाचेही नसतात. राक्षस मेलेला असतो, राज्य वाचलेलं असतं. तरीही कुणीतरी निरोप घेतं, एक दार मिटतं, जादू मागे राहते. आनंद आणि टोचणी एकाच घोटात येतात. आपल्याकडे यासाठी 'हुरहूर' हा शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण तो दुःखाला दुःख म्हणून संपवत नाही.

पालकांना वाटतं ही पळवाट आहे. अभ्यास नको, घरातली कटकट नको, म्हणून पोर तिकडे पळतंय. या आक्षेपाला एका माणसाने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी लिहिणारे जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. कैद्याने तुरुंगातून सुटणं आणि सैनिकाने रणांगणातून पळणं या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, असा त्यांचा मुद्दा होता. बोलणारा स्वतः १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईत खंदकात होता आणि त्या युद्धात त्याने शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र गमावले होते. त्यामुळे रणांगण म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये पळणारी मुलं मला फार कमी दिसली. बहुतेक जण एका बंद खोलीची किल्ली शोधत असतात.

हे मला नीट शिकवलं ते अकरावीतल्या एका मुलीने. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी मिळून हे सांगणं झालं आहे. तिचं बोलणं मात्र तसंच ठेवलंय. आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेही बदललेलं नाही.

पहिल्या दिवशी आईच बोलली. "हिला काय तरी सांगा की वो मॅडम. पिक्चर बघत्या, बघत्या, आणि शेवट आला की टीव्ही बंद करत्या. वर रडत बसत्या. शेवट बघितलाच न्हाई तर रडायला काय आलं?"

प्रश्न चांगला होता. आई पुढे म्हणाली, की टीव्हीवर आधी बघितलेल्या सिनेमांची चित्रं रांगेने येतात आणि प्रत्येक चित्राखाली लाल रेघ असते, कुठवर बघितलं ते दाखवणारी. हिच्या सगळ्या रेघा टोकाच्या बोटभर आधी थांबलेल्या. एक-दोन नव्हे, चौदा-पंधरा सिनेमे. मी मुलीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आईला बाहेर बसवलं आणि विचारलं, "शेवट का नाही बघत?"

"मला ठाऊक असतंय काय होणार ते."

"काय होतं?"

"जातंय कोणतरी."

पहिल्या दोन-तीन भेटींत मी घाई केली, हे कबूल करायला हवं. तिचे वडील २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले होते, हे फॉर्मवरच लिहिलेलं होतं. मी सरळ धागा जोडला: वडील गेले, म्हणून कुणाचं जाणं बघवत नाही. तसं मी तिला समजावूनही सांगितलं. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि दर वेळी थोडी थोडी दूर जात होती. मी सांगितलेलं चूक नव्हतं. पण ते माझं होतं, तिचं नव्हतं. आपण शोधून दिलेला अर्थ समोरच्याला दुसऱ्याच्या चपलेसारखा असतो. मापात बसला तरी घट्टा पडतोच.

मग मी समजावणं थांबवलं आणि तिला सिनेमाची गोष्ट सांगायला लावली. कुठलाही एक, तिच्या आवडीचा. तिने 'द रिटर्न ऑफ द किंग' निवडला. पीटर जॅक्सन यांचा २००३ चा हा सिनेमा, टॉल्किन यांच्या कादंबरीच्या अखेरच्या भागावरचा, ११ ऑस्कर मिळवणारा आणि तीन तासांहून लांब. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: फ्रोडो नावाचा एक छोटासा माणूस, ज्याला गावाबाहेरचं जग माहीत नाही, त्याच्या वाट्याला एक दुष्ट अंगठी येते. ती ज्वालामुखीत नेऊन टाकायची आहे. सोबत त्याचा मित्र, माळीकाम करणारा सॅम. खूप सोसून ते तिथवर पोचतात आणि अंगठी नष्ट होते.

गोष्ट सांगताना ती अगदी वेगळी मुलगी झाली. हात हलवत, चेहरे करत सांगत होती. अंगठी लाव्ह्यात पडली, डोंगर फुटला, दोघं मित्र एका खडकावर, चहूकडे लाव्हा. तिथे ती थांबली.

"आणि मग पडदा काळा होतो."

"मग?"

"मग झालं की. तिथंच संपवायला पाहिजे होता."

ज्यांनी तो सिनेमा पाहिलाय त्यांना माहीत असेल, की तो तिथे संपत नाही. पडदा काळा होतो, वाटतं झालं, आणि पुन्हा उजळतो. असं बऱ्याचदा होतं. एवढे शेवट कशाला, अशी त्यावर तेव्हा टीकाही झाली. मी विचारलं, "पुढचं कुणी सांगितलं तुला?"

"वर्गातल्या पोरीनं. गावाकडं जातात परत, सगळं चांगलं असतंय. आणि मग तो फ्रोडो जहाजातून कायमचा जातो." तिचा आवाज चढला. "जिंकून पण जातो! मग जिंकून काय उपयोग? सॅमनं एवढं खांद्यावर घेऊन चढवलं त्याला डोंगरावर, आणि ह्यो जातोय सोडून. मला असला शेवट नको."

मी म्हटलं, "राग आलाय तुला."

"येणारच की."

"फ्रोडोचा?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी चालू होती, तेवढीच ऐकू येत होती. मग तिने सांगितलं ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. हा सिनेमा ती पप्पांसोबत बघत होती. पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. टाळेबंदीच्या दिवसांत घरी असले की बापलेकीचा कार्यक्रम ठरलेला, रात्रीचा सिनेमा. त्या रात्री त्यांना कणकण होती. पडदा काळा झाला तसे ते उठले आणि म्हणाले, "झाला बघ. राहिला असंल थोडा, तर उद्या बघू." सकाळी ताप वाढला, दुपारी रुग्णालयात नेलं, आणि नवव्या दिवशी फोन आला. शेवटचं दर्शन नाही, रक्षाविसर्जनालाही लहान म्हणून तिला नेलं नाही.

"मी म्हटलं असतं ना, की आत्ताच बघूया, तर वीस मिनटं अजून बसले असते."

चार वर्षं ती ही वीस मिनिटं सांभाळून होती. मला जे दूर पळणं वाटत होतं तो खरं तर पहारा होता. शेवट बघायचा नाही, म्हणजे 'उद्या बघू' हे वाक्य अजून खरं राहतं. प्रत्येक सिनेमाखालची ती लाल रेघ टोकाच्या अलीकडे थांबवून ती घरातलं एक माणूस थांबवून धरत होती. त्या क्षणी मला कळलं, की आजवर मी चुकीच्या टोकाने चालले होते. प्रश्न 'जाणं कसं सोसायचं' हा नव्हताच. जाण्यानंतर काय उरतं हे तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं, कारण कुठलाही शेवट तिच्यासमोर झालाच नव्हता. ना स्मशानात, ना पडद्यावर.

इथे माझ्या पद्धतीबद्दल थोडं बोलते. महाराष्ट्रात समुपदेशन म्हटलं की अल्बर्ट एलिस यांची, त्रास देणाऱ्या समजुती तपासून दुरुस्त करणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती आठवते. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली आणि तिचं ऋण माझ्यावरही आहे. त्या वाटेने गेले असते तर 'मी थांबवलं असतं तर ते वाचले असते' या समजुतीशी मी वाद घातला असता, आणि तो करण्याजोगा आहेच. पण माझी ओढ व्हिक्टर फ्रँकल यांच्याकडे आहे. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ, १९४२ ते १९४५ नाझींच्या छळछावण्यांत होता, आई-वडील, भाऊ, पत्नी गमावून बाहेर आला. आयुष्याला अर्थ काय हे आपण विचारायचं नसतं, आयुष्यच आपल्याला विचारत असतं, असं त्यांचं म्हणणं. अठरा वर्षांच्या कामात मला हे वारंवार पटलं आहे, की समजूत दुरुस्त झाली तरी पोकळी राहू शकते. तिच्यात काहीतरी ठेवावं लागतं, आणि ते ज्याचं त्यानेच.

पुढच्या भेटीत मी सिनेमा बाजूला ठेवला. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला होता. मी सहज विचारलं, "तुमचा घरचा गणपती कुठे पोचवता?"

"आधी पंचगंगेला न्यायचो. आता इराणी खणीत."

"विसर्जन करून घरी येता तेव्हा कसं वाटतं?"

"बेकार. मखर रिकामं असतंय. समई तेवढी पेटलेली."

"मग रिकाम्या हातानेच येता?"

ती सांगू लागली आणि मध्येच तिचा स्वर बदलला. "पाट रिकामा न्हाई आणत. पप्पा त्याच्यावर वाळू घेऊन यायचे नदीतली. चिमूटभर. मी चिडवायचो त्यांना, गणपती देऊन वाळू आणली म्हणून. आई ती घरात कोपऱ्यात टाकायची, तांदळाच्या डब्यात पण टाकायची."

"का टाकायची?"

"बरकत राहत्या म्हणून." थोडं थांबली. "म्हणजे देव गेला तरी त्याचं काय तरी घरात राहतंय."

मी काही बोलले नाही. या कामात गप्प राहायची जागा ओळखणं हेच मोठं कौशल्य असतं, आणि ते यायला मला बरीच वर्षं लागली.

"मॅडम," ती म्हणाली, "फ्रोडो जाताना काय देतो का त्याला? सॅमला?"

आता मला माहीत होतं ते सांगणं योग्य होतं, कारण विचारलं तिने होतं. मी म्हटलं, "देतो. पण काय ते मी सांगत नाही. तुला हवं तेव्हा बघ."

खोलीतून बाहेर जाताना ती दारात थबकली आणि आईला म्हणाली, "मम्मी, ह्या वर्षी वाळू कुणी आणली?" आई गोंधळली. कुणीच आणली नव्हती. चार वर्षं कुणीच आणली नव्हती.

तो प्रश्न, 'येताना काय आणलंस?', तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक अशा मुलासाठी मी तो वापरला आहे. तो का चालतो तेही आता कळतं. हे सिनेमे नीट पाहिले तर त्यांतलं कुणीच रिकाम्या हाताने परतत नाही. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' या २००१ च्या जपानी सिनेमात दहा वर्षांची चिहिरो देव-भुतांच्या गावातून बोगद्याने परत येते. मागे वळून बघायचं नाही अशी अट आहे. आई-वडिलांना काहीच आठवत नाही. पण तिकडच्या मित्रांनी विणून दिलेला केसांचा बंद तिच्या केसांत असतो आणि उन्हात क्षणभर चमकतो. मोठ्या माणसांच्या लेखी काही घडलेलंच नाही, आणि तरी पुरावा डोक्यावर आहे. एका चौदा वर्षांच्या मुलाशी मी फक्त या बंदाबद्दल तासभर बोलले होते. शाळा बदलल्यामुळे जुने मित्र तुटले होते त्याचे.

'ब्रिज टू टेराबिथिया' हा २००७ चा सिनेमा मी पालकांना मुद्दाम सांगते. दोन मुलं जंगलात आपलं राज्य कल्पनेने उभं करतात, त्यातली मुलगी ओढ्यात बुडून मरते. पोरकटपणा समजून टाळाल तर चुकाल. मूळ पुस्तक लिहिणाऱ्या कॅथरीन पॅटर्सन यांच्या मुलाची लहानगी मैत्रीण वीज पडून गेली होती, त्यातून ते १९७७ साली आलं. आणि तीस वर्षांनी त्या सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक तोच मुलगा होता. पडद्यावर तो पोरगा शेवटी काय करतो? जिथे मैत्रीण बुडाली त्याच ओढ्यावर पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला पलीकडे नेतो. मैत्रीण परत येत नाही. पण तिचं राज्य आता दोघांचं आहे.

आणि हे सगळं परदेशातून आलंय असं समजायचं कारण नाही. आपल्या आज्या 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून गोष्ट मिटवायच्या, तेही ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी देऊनच. आपल्या कोल्हापुरात तर सिनेमाची ही समज फार जुनी आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल १९२९ साली इथे प्रभात कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी होते, आणि कंपनी पुण्याला हलल्यावर १९३६ साली त्यांनी 'संत तुकाराम' केला. गरुडाच्या विमानातून तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई जमिनीवरच राहते. आमच्या घरी हा सिनेमा लागला की माझी आजी विमानाकडे बघून हात जोडायची आणि जिजाईकडे बघून रडायची. दोन्ही एकाच वेळी. तिला कधी कुणी विचारलं नाही, की खोट्यावर का रडतेस.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं, की पोर रडतंय ही वाईट बातमी नाही. रडण्याची जागा विचारा, कारण विचारू नका. 'का रडतेस?' याला उत्तर नसतं, 'कुठल्या वेळी रडू आलं?' याला असतं. त्या जागेभोवतीच बहुधा खरी गोष्ट सापडते. आजोबा असतात, सुटलेलं गाव असतं, आई-बाबांची भांडणं असतात, कधी नुसतं मोठं होणं असतं. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत असतात ती दोन-चार मिनिटं टीव्ही बंद करू नका, दिवा लावू नका. तो घाटावरून परतण्याचा वेळ आहे. 'सगळं खोटं असतं गं' आणि 'पुढचा भाग येईल की' या दोन वाक्यांनी सगळ्यात जास्त नुकसान होतं. पहिलं मुलाच्या भावनेला खोटं ठरवतं, दुसरं शेवटालाच नाकारतं. आणि कृपा करून स्वतः अर्थ सांगायला बसू नका. मी बसले होते, काय झालं ते वर लिहिलंच आहे. घरातली वस्तू, एखादी सवय, एखादी चव, येताना काय आलं आपल्यासोबत, एवढंच विचारून थांबा. उत्तर आठ दिवसांनी, भलत्याच वेळी, भांडी घासताना येतं.

आणखी एक. परतलेल्या माणसाला वेळ लागतो हे मान्य करा. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी हे घरोघरी सैनिक असलेलं गाव. तिथल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, की जवान सुट्टीवर येतो त्या दिवशी तो घरी येत नाही, नुसता पोचतो. घरी यायला त्याला चार-सहा दिवस लागतात. सिनेमातून परतलेल्या सोळा वर्षांच्या पोरालाही एक-दोन दिवस द्या.

मात्र हुरहूर आणि आजार यांतला फरक ओळखायला हवा. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, मित्र आणि शाळा सुटत चालली असेल, किंवा 'मलाही त्या जगात निघून जायचंय' यासारखं बोलणं मरणाकडे झुकत असेल, तर सिनेमावर चर्चा करत बसू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. माझ्या या मुलीबाबतही पहिल्याच भेटीत मी हे सगळं विचारून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा निरोप आला. बघितला, एवढंच. भेटायला दोघी मायलेकी आल्या. आईने तो सिनेमा पहिल्यांदाच पाहिला होता, तोही फक्त शेवटचा भाग, आणि कोण कुणाचा काय लागतो हे पोरीने मध्येमध्ये थांबवून सांगितलं होतं. वीस मिनिटांना दीड तास लागला.

"मॅडम, तुम्ही एक सांगितलं नव्हतं मला," ती म्हणाली. "तो फ्रोडो खांद्याला हात लावतो आणि म्हणतो, चार वर्षं झाली आज, अजून बरं होत न्हाई. चार वर्षं! मी तिथंच थांबवला. मम्मीला म्हटलं, बघ, ह्याला पण चारच झालीत."

हे खरंच माझ्या लक्षात नव्हतं. या मालिकेतल्या पहिल्या सिनेमात, प्रवासाच्या सुरुवातीलाच त्याला सुरा लागलेला असतो, त्या जखमेबद्दल तो बोलतो. मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला होता आणि तो आकडा माझ्या कानांवरून गेला होता. तिच्यासाठी तो थांबला. जिंकून परतलेल्या माणसालाही जखम राहू शकते आणि त्यात त्याचा दोष नसतो, हे मी तिला दहा भेटींत सांगू शकले नसते. तिचा फ्रोडोवरचा राग तिथे उतरला. कुणावरचा खरा, ते आम्ही दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

"आणि काय दिलं त्यानं सॅमला?" मी विचारलं.

"वही. सगळं लिहिलेली. शेवटची पानं कोरी ठेवून."

बोलता बोलता तिने पिशवीतून एक लांबट वही काढली. पप्पांची हिशेबाची वही. पुढून दूध, गॅस, भिशी, शाळेची फी. मागून उलटी धरली की सिनेमांची यादी, त्यांच्या तिरक्या अक्षरात, आणि प्रत्येकासमोर दहापैकी मार्क. बापलेक मिळून द्यायचे. वही तिला कपाटात नुकतीच सापडली नव्हती. ती कुठे आहे हे तिला चारही वर्षं माहीत होतं. शेवटच्या ओळीवर याच सिनेमाचं नाव होतं, समोरची जागा मोकळी. आता तिथे निळ्या शाईत आठ लिहिलेले होते. आणि त्याखाली, तिच्या अक्षरात, आणखी दोन नावं.

"दोन मार्क कशाला कापलेस?"

"शेवट लई लांबवलाय," ती म्हणाली. मग वही परत पिशवीत घालताना, "पप्पांनी सातच दिले असते."